नवसाच्या बोकडावर आळ

परंडा, ११ मे

शिवराज,

‘चिरंजीव’ लिहिणार होते, पण हात होईना. आशीर्वादही आज पाठवत नाही. तुझ्या त्या व्हिडिओखाली लोकांनी ढिगानं टाकलेत, तेवढे पुरे होतील. जुना फोन लागत नाही, नवा नंबर तू मायलासुद्धा दिला नाहीस, म्हणून पुण्याच्या अकॅडमीच्या पत्त्यावर लिहितेय. आमचे हे म्हणाले, एवढी शाई कशाला घालवतेस? म्हटलं, घालवू द्या, नाहीतर उद्या गाडीत एखाद्या पॅसेंजरवर निघेल.

बघितली बाबा तुझी मुलाखत. कुर्डुवाडी स्टँडवर गाडी उभी होती, ड्रायव्हर चहाला गेला, मी मागच्या सीटवर बसून सगळी बघितली. काय रडलास रे! आधी आवंढा, मग पाण्याचा घोट, मग चष्मा काढून डोळे पुसले. तुला चष्मा कधी लागला? त्या बाईनं हिंदीत विचारलं, पश्चात्ताप होतो का? तू वर छताकडं बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालास, रोज होतो. माझ्या शेजारी एक म्हातारी चढून बसली होती. ती म्हणाली, ‘कुणाचं गं लेकरू हे, लई गुणाचं दिसतंय.’ मी तिला तिकीट दिलं.

औषध घेत होतो म्हणालास. जाणूनबुजून घेत होतो, टीममधले सगळेच घेत होते, वातावरणच तसं होतं, प्रेशर होतं. बरं. कबुली दिली म्हणून बंदी कमी झाली आणि या हिवाळ्यात परत शर्यतीत उतरणार, हेही शेवटी सांगितलंस, तेव्हा डोळे कोरडे होते. मी कान देऊन ऐकत होते, आता म्हणेल, मग म्हणेल. एकच वाक्य आलं. ‘त्या काळात मी खूप काही बोललो, आतून मोडलो होतो.’ बाई लगेच पुढच्या प्रश्नाला गेली.

खूप काही! शिवा, ते खूप काही म्हणजे आपला बाप आहे.

विसरला असशील तर मी आठवण करून देते. तू त्या परदेशातल्या मोठ्या सायकल शर्यतीला गेलास तेव्हा आबा म्हसोबाला बोलले होते की पोरगं जिंकून आलं तर कळपातलं सगळ्यात देखणं बोकड देईन. तू जिंकून आलास. आबांनी बोकड दिलं, आख्ख्या वाडीला कंदुरी जेवू घातली. ज्याच्या नावानं नवस त्यानं देवापुढं पहिला घास घ्यायचा आणि मगच पंगत बसायची, ही आपली रीत. पहिला घास तू घेतलास, आबा तुझ्याकडं बघत उभे होते, त्यांच्या फेट्याचा सोगा सुटलेला त्यांना कळलापण नव्हता. पुढं तपासणीत तुझ्या अंगात ताकदीचं औषध सापडलं. तेव्हा दिल्लीत चौकशीच्या साहेबांपुढं बसून तू काय सांगितलंस? माझे वडील मेंढपाळ आहेत, जनावरं फुगावीत म्हणून त्यांना इंजेक्शनं देतात, ते मटण मी कंदुरीत खाल्लं, मला कसं माहीत असणार?

साहेबांनी तुझं ऐकलं नाही, बंदी घातली ती घातलीच. पण ते पेपरात आलं आणि वाडीनं ऐकलं, सोनारीनं ऐकलं, परंड्यानं ऐकलं. नवस फेडायचा तर बिरदेवच्या कळपातलंच बोकड, डोळे झाकून घ्या, असं आबांबद्दल म्हणत होती सगळी पंचक्रोशी. आता माझ्याच गाडीत पोरं म्हणतात, ‘बिरदेवचं बोकड खा, घाटात सायकल पळव.’ मी खाकी घालून उभी असते, हातात मशीन असतं. कुणाकुणाच्या तोंडाला लागू?

आणि हे सगळं मी सोसलं असतं. पण आबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, त्याचं काय करू?

त्या बोकडाला कंदुरीआधी बंडप्पा डॉक्टरनं एक सुई टोचली होती. जंताची. चारा खात नव्हतं म्हणून आबांनीच त्याला बोलावलं होतं. तुझी बातमी आली तसे आबा अनवाणी बंडप्पाच्या दवाखान्यात गेले. त्यानं बाटली दाखवली, देवाशपथ सांगितलं, ‘बिरदेव, हे जंताचं औषध हाय, यानं माणसाला काय बी होत न्हाय.’ आबा म्हणाले, ‘माझं पोरगं खोटं बोलत न्हाय. माझ्याच हातनं त्याला इख गेलं.’ त्या दिवसापासून त्यांनी मटणाला तोंड लावलेलं नाही, कुणाच्या कंदुरीला गेले नाहीत, पंगतीत बसले नाहीत. बायका भांडी घासताना बोलतात तेव्हा ते मान खाली घालून जातात.

तुझी मुलाखत मी मुद्दाम त्यांना दाखवली. म्हटलं, आता बघा, ह्यो काय कबूल करतोय. हिंदी त्यांना कळत नाही, मी एकेक वाक्य सांगत होते. ते ऐकतच नव्हते, नुसते पडद्याकडं बघत होते. बोटानं तुझं तोंड पुसायला गेले तर व्हिडिओ थांबला. म्हणाले, ‘बघ करिश्मा, माझ्यापायी कसं रडतंय लेकरू.’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रडायचा मान तुझा आणि शिक्षा त्यांना!

मी सांगितलेलं त्यांना पटत नाही. म्हणतात, तू भावावर चिडलीस म्हणून बोलतीस. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. घरी ये, आबांपुढं बस आणि सांग की बोकड चांगलं होतं, मीच खोटं बोललो. दोन वाक्यं आहेत. एवढी मोठी मुलाखत दिलीस, ही दोन तुला जड आहेत काय?

अक्का


परंडा, २ जून

शिवराज,

उत्तर आलं. तुझं नाही, तुझ्या कुठल्याशा मॅनेजरचं, माझ्या फोनवर. ‘शिवराज सर सध्या हीलिंगच्या प्रवासात आहेत. नकारात्मक संवाद टाळण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला आहे. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.’

आदर कर बाबा, कर. सर! मेंढरांमागं तुझं नाक पुसत हिंडले मी, आता तू सर आणि मी नकारात्मक.

हीलिंग काय असतं ते मी विचारून घेतलं. जखम भरून येणं. कुणाची जखम रे? तुला कुणी मारलं?

परवा ईट गावचा उत्कर्ष गाडीत चढला. आठवतो ना? तुम्हा दोघांची सायकल एकाच दुकानात दुरुस्त व्हायची. निवड चाचणीत तुझ्या मागोमाग आला होता, तू संघात गेलास, तो घरी आला. आता शाळेची व्हॅन चालवतो. पोटऱ्या अजून दगडासारख्या आहेत बिचाऱ्याच्या. मी विचारलं, ‘शिवानं तुला फोनबिन केला का? त्याला पश्चात्ताप झालाय म्हणं.’ तो म्हणाला, ‘व्हय की अक्का. व्हिडिओ पाठवला व्हता मला. सगळ्यांला पाठीव म्हणला.’ मग खिडकीबाहेर बघत बसला. उतरताना म्हणाला, ‘आपल्याला काय वाटत न्हाय आता. पण एकदा म्हणला असता, उत्क्या, तुझी जागा व्हती, तर जरा बरं वाटलं असतं.’

चोर पकडला गेला की रडतोच, शिवा. त्यात काय विशेष नाही. ज्याचं चोरलं त्याच्या दारात जाऊन रडतो का, हे बघायचं असतं.

आता मुद्द्याचं लिहिते, नीट वाच. आबांनी ठरवलंय की या आखाडात म्हसोबाला शेवटची कंदुरी द्यायची, देवापुढं चूक कबूल करायची आणि कळप चुलत्याला देऊन टाकायचा. ‘ज्या हातानं लेकराला इख दिलं, त्या हाताला जनावरं शोभत न्हाईत,’ म्हणतात. मायनं कपाळ बडवून घेतलं, मी ओरडले, भांडले, काही उपयोग नाही. चुलताबी येऊन कळप बघून गेला. तुला ठाऊक आहे, आबा मेंढरांशिवाय राहिलेले नाहीत कधी. घरात निजत नाहीत, मेंढरांच्या वाड्यापाशी घोंगडं टाकून पडतात. कळप गेला की तो माणूस काय करील? ओट्यावर बसून माशा हाकील आणि एक दिवस तसाच बसल्या जागी संपेल.

न केलेल्या पापाची माफी देवाला मागणार आहे तुझा बाप. आणि केलेल्या पापाचा तू व्हिडिओ काढतोस.

आखाडातल्या कंदुरीच्या आधी ये. ते थांबवणं फक्त तुझ्या हातात आहे. मॅनेजरला सांग, बहीण नकारात्मक आहे पण खोटारडी नाही.

अक्का


परंडा, १९ जून

शिवराज,

बार्शीपर्यंत आलास! बार्शीहून परंडा किती लांब आहे ते मी सांगायला नको, त्या रस्त्यावर तू सायकल शिकलास. पोस्टर मी आमच्याच गाडीच्या मागच्या काचेवर बघितलं. ‘पडलो, उठलो, जिंकलो. प्रेरणादायी व्याख्यान.’ तुझा फोटो आडवे हात बांधून. ड्युटी बदलून घेतली आणि आले. साडी नेसायला वेळ नव्हता, खाकीवरच आले.

चांगलं बोलतोस आता. पोरं शिट्ट्या मारत होती. मेंढपाळाचा मुलगा, घोंगडीतलं बालपण, उपाशी पोटी सायकल, सगळं सांगितलंस. उपाशी? माय स्वतः वाटीतलं दूध तुला ओतायची आणि तू उपाशी? बाप मेंढरं घेऊन भीमेकडं उतरायचा तेव्हा तू सायकलवर पुढं जाऊन पाणी बघून यायचास, आणि आबा सगळ्या वाटेवर सांगत सुटायचे की माझं पोरगं वाऱ्यासारखं जातंय. ते का नाही सांगितलंस? त्यात दुःख कमी पडलं काय?

मग म्हणालास, स्वतःला माफ करायला शिका. टाळ्या! स्वतःला माफ करायला शिका म्हणे. दुसऱ्याचं नुकसान करायचं आणि माफी आपली आपल्यालाच देऊन टाकायची, म्हणजे मधे कुणाची कटकट नको.

प्रश्न विचारा म्हणालास तेव्हा मी उभी राहिले. तू मला ओळखलंस. तुझा हात पाण्याच्या बाटलीकडं गेला, मी बघितलं. मी एवढंच विचारलं, ‘बोकडाचं काय?’ सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं, कोण कंडक्टर बाई काहीतरी येड्यावानी विचारतीय. तुला वाटलं असतं तर तू तिथंच सांगितलं असतंस. सगळ्यांसमोर. त्यासाठीच तर पोरं बसली होती, खरं ऐकायला. तू माईक तोंडाजवळ धरून म्हणालास, ‘ताई, व्यक्तिगत प्रश्न आपण नंतर घेऊ.’

ताई!

सख्ख्या अक्काला ताई म्हणालास, दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. नंतर मी मागच्या दारापाशी थांबले, तर तू पुढच्या दारानं गाडीत बसून गेला होतास.

घरी आबांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, एवढा उशीर? म्हटलं, गाडी पंक्चर झाली.

करिश्मा, वाहक, परंडा आगार
(ताईनं एवढंच लिहावं)


वाडी, १४ जुलै

शिवा,

मायला तुझा फोन आला! माय शेजारच्या बाईला सांगून आली, दुधवाल्याला सांगून आली, आणि मला फोनवर रडतच सांगत होती. आखाडातल्या या येत्या रविवारी येतोस म्हणालास. म्हसोबापुढं आबांच्या पाया पडायचंय, सगळं मिटवायचंय, असं म्हणालास. खरं का रे?

माझ्या मागच्या पत्राचा राग धरू नको. धरलास तरी चालेल, पण ये.

आबा सकाळपासून तीनदा वाड्याकडं जाऊन आले. बोकड त्यांनी स्वतः धुतलं, अंगावरनं हात फिरवत काय काय बोलत होते. बंडप्पाला बोलावून त्याच्याकडनं लिहून घेतलंय की या बोकडाला सुई टोचलेली नाही. तो कागद खिशात घालून हिंडतात. ‘शिवाला दाखवायचाय,’ म्हणतात. मला रडू आलं आणि रागपण आला, पण राग मी गिळला. आता तू येतोयस.

हे बघ, तुला लई काही करायचं नाही. कंदुरी तुझ्या नावानं आहे. म्हसोबापुढं पानातला पहिला घास घे, वाडीसमोर घे. आणि म्हण, आबांच्या बोकडात तेव्हाबी खोट नव्हती. एवढं झालं की कळप घरात राहील, आबा पंगतीत बसतील आणि तुला मी परत कधी एक शब्द बोलणार नाही. औषधाची, बंदीची, टीमची, कशाची चौकशी करणार नाही. उत्कर्षलाही बोलावलंय. त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेव.

मायनं काळा मसाला कुटलाय, तुझ्यासाठी. ये बाबा.

अक्का


वाडी, २२ जुलै

शिवराज,

रविवारी जे झालं ते तुला माहीत आहे असं तुला वाटत असेल. तुझं अर्धं लक्ष कॅमेऱ्यात होतं आणि उरलेलं अर्धं ताटात, म्हणून तुझ्या नजरेतून जे निसटलं ते लिहिते.

तू एकटा येशील म्हणून माय वाटेवर जाऊन उभी होती. आली मोठी गाडी, त्यातून उतरली तीन माणसं, छत्री, काठीला बांधलेला माईक. तू मायच्या पाया पडलास, तर त्यातला एक म्हणाला, सर, ऊन तोंडावर येतंय, परत एकदा. आणि तू परत एकदा पडलास. मायला वाटलं, दुसऱ्यांदा पाया पडतोय म्हणजे लई माया आलीय लेकराला.

मग म्हसोबा. सगळी वाडी गोळा झालेली. आबा नवा फेटा बांधून, खिशात तो कागद घेऊन. तू जवळ गेलास, डोळे भरून आले, म्हणालास, ‘आबा, मला माफ करा.’  म्हटलं, आता बोलेल. पण तू कशाची माफी ते म्हणालाच नाहीस. नुसतं माफ करा, माफ करा. आणि त्या भोळ्या माणसानं तुझे खांदे धरले आणि हात जोडले. बापानं पोराला! ‘लेकरा, माझंच चुकलं. माझ्या बोकडापायी तुझं नाव गेलं. मला माफ कर.’

सगळी वाडी बघत होती, शिवा. तुझ्या ओठावर एक शब्द आणायचा होता. न्हाय. एवढाच. न्हाय आबा.

तू काय म्हणालास? ‘जाऊ द्या आबा. मी तुम्हाला कधीच माफ केलंय.’

मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघाड झालाय. माफ केलंय! तू! आबांना! माईकवाल्यानं अंगठा वर केला, झकास आलं म्हणून. मी पुढं येत होते, मायनं माझा दंड आवळला, म्हणाली, देवाचं काम हाय, गप. मी का गप बसले, त्याचा राग मला आता तुझ्यापेक्षा जास्त येतो.

तेवढ्यावर थांबला असतास तरी. आबांनी पान आणलं. बाजरीची भाकरी, रस्सा, वर काळजाचा तुकडा, पहिला घास म्हणून. कागदही काढला, तुला दाखवायला. तू कॅमेऱ्याकडं एक नजर टाकलीस आणि हात जोडून मागं सरलास. ‘नको आबा. माझी परत तपासणी असते. आता मी असली रिस्क घेत नाही.’ असली!

पंगत बसलेली होती, पानं वाढलेली होती. पहिला घास झाल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. सगळ्यांनी बघितलं की पोटचा पोरगा बापाचं बोकड खाईना. आधी एक म्हातारा उठला, म्हणाला आज उपास आहे. मग त्याची सून उठली. मग धोतर झटकत, पोरांना ओढत अर्धी पंगत उठली. ज्यांना आबांनी बोलवून आणलं होतं ती माणसं. आबा हातात पान धरून तसेच उभे. रस्सा त्यांच्या मनगटावरनं ओघळत होता.

आता पुढचं.

तुझी माणसं गाडीत सामान भरत होती. मायला राहवेना. तिनं तुला कडब्याच्या गंजीमागं नेलं. लेकरू उपाशी जाईल म्हणून तिनं ताट झाकून नेलं, भाकरी नेली, खरं तर तुला वरण द्यावं म्हणून. तू म्हणालास, ‘माय, रस्सा आण. लई दिसांनी वास आलाय.’ आणि बसलास की मांडी घालून! भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, वरपायला लागलास. हाडसुद्धा सोडलं नाहीस. मी आणि आबा पलीकडनं आलो. मी तोंड उघडणार होते, आबांनी हात वर केला.

ते बराच वेळ तुझं खाणं बघत उभे होते. तू मान वर केली नाहीस. त्यांचं तोंड मी बघितलं, ते तुला सांगते. ते चिडले नव्हते. त्यांचं तोंड हळूहळू सैल पडत गेलं, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरून घ्यावं तसं, आणि मग एकदम म्हातारं झालं.

‘शिवा,’ आबा म्हणाले, ‘आता भ्या वाटत न्हाय व्हय रं?’

तू दचकलास. तोंडात घास. म्हणालास, ‘आबा, कॅमेऱ्यासमोर खाता येत नाही. लोक काय म्हणतील? माझी सगळी केस...’ सगळीकडं बोलतोस, तिथं वाक्य अर्धंच सोडलंस.

‘म्हंजी ह्यात काय न्हाय, हे तुला ठावं हाय.’

तू हातातली भाकरी ताटात ठेवलीस.

‘तवाबी ठावं व्हतं.’

तू हात धुतलास. पाणी मायनं घातलं, तिला काही कळलं नव्हतं. गाडीचा हॉर्न वाजला आणि तू गेलास. खरं तर त्या वेळीसुद्धा तुझ्याकडं वेळ होता. कुणी धरून ठेवलं नव्हतं, फक्त बोलायचं होतं.

गाडी वळली तसे आबा म्हसोबाकडं निघाले. चालता चालता फेटा नीट केला. उठून गेलेली माणसं ओढ्यापर्यंत पोचली होती. आबा ओरडले, मेंढरं वळवताना ओरडतात तसे, सगळी वाडी थांबली. ‘माघारी फिरा रं समदी! माझं बोकड चांगलं हाय. माझ्या पोरानं आत्ता गंजीमागं बसून हाडकासकट खाल्लंय. करिश्मानं बघितलंय, तिच्या मायनं वाढलंय.’ आणि मग तिथंच, वाटेवर, आवाज खाली न करता म्हणाले, ‘पोरगं खोटं बोललं. बोकड न्हाय.’

बंडप्पा पहिला माघारी आला आणि पानावर बसला. त्याच्या शेजारी उत्कर्ष बसला. मग एकेक करून आले, सगळे नाही, बरेच आले. पहिला घास कुणी घ्यायचा ते उरलं होतं. आबांनी ते तुझं पान उचललं, रस्सा गार झाला होता, आणि स्वतः खाल्लं. तुझी ती बातमी आल्यापासून पहिल्यांदा. खाताना डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. कॅमेरा नव्हता तेव्हा.

कळप कुठं जात नाही. सोमवारी उजाडायच्या आत आबा मेंढरं घेऊन सोनारीच्या माळाला गेले. चुलत्याला निरोप गेलाय. तुझ्या मदतीशिवाय मिटलं ते. तुझ्या भुकेनं मिटवलं म्हण.

आता हे पत्र खरं तर मी लिहीत नाही. आबा माळावरनं परत येऊन समोर बसलेत, घोंगडं खांद्यावर आहे, मला म्हणाले, लिही. मी म्हटलं, शिव्या लिहू का? म्हणाले, नको. तुझा सिनेमा निघणार, त्यात ते हात जोडून माफी मागतात ते येणार, हे उत्कर्षनं त्यांना समजावून सांगितलं. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात तेच आहे. जसं बोलले तसं लिहिते.

‘शिवा, म्या तुझ्याकडं माफी मागितली, ती माझ्याकडनं चुकून गेली. ती तुझी न्हाय. त्या डबड्यात माझं जोडलेलं हात हायत, ते मला माघारी पायजेत. कापून टाक म्हणत न्हाय, घेऊन ये. म्हसोबापुढं घेतलीस, म्हसोबापुढंच माघारी दे. मी मेंढरं घेऊन कुठंबी असंन, सांगावा धाडला की येईन. एकटा ये.’

इथं ते थांबले. मला वाटलं झालं, मी सही करायला लागले. तर म्हणाले, अजून एक लिही.

‘जेवाय मिळंल म्हणावं. पर पयला घास समद्यांपुढं खायचा.’

अक्का